उंबरठ्याचा वसा

ऐका उंबरठेबाई, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातातले तांदूळ सांडू नका. कुणी पेंगलीत तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

नगर होतं आटपाट. तिथं येसू शिंपीण राहायची. घरात नवरा, दोन लेकरं, एक शिवणाचं मशीन. मशीन चाले तर चूल पेटे. एके साली नवरा आजारला. मग तिनं पेढीवरनं कर्ज काढलं. नवरा उठला, पण हप्ते थकले. मग दारात फटफटी आली. कहाणीत फटफटी कुठली, म्हणू नका. आली ती आली. वसुलीवाला उतरला, गल्लीभर ओरडू लागला. येसूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणी ऐकतील म्हणून तिनं त्याला आत घेतलं, दार लावलं, होतं नव्हतं ते हातावर ठेवलं. पावती मागितली नाही.

मग ती नदीवर जाऊन रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. लुगडं फाटलेलं. म्हणाली, चार टाके घाल गं. येसूनं डोळे पुसले, सुई काढली, जवळ लाल दोरा होता तोच ओवला, टाके घातले. म्हातारीनं रडण्याचं कारण विचारलं. येसूनं सगळं सांगितलं.

"मग तू उंबरठ्याचा वसा घे."

"तो कसा घ्यावा?"

"तुला गं कशाला हवा? उतशील, मातशील, लाजशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, लाजणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. सकाळी उंबरठा धुवावा, हळदकुंकू वाहावं. वसुलीवाला आला तर ओट्यावर पाट मांडावा, गूळपाणी द्यावं, तीन शेजारणी बोलवाव्या. मग विचारावं, नाव काय, धाडलं कुणी, कागद कुठाय. पावतीवाचून पैसा देऊ नये. दिवेलागणीनंतर दार उघडू नये. घेतलेलं बुडवू नये. पण त्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नये."

येसूनं वसा घेतला. वसुलीवाला पुन्हा आला, पुन्हा ओरडला. येसूच्या हातात पाट होता. इतक्यात समोरून कासारीण डोकावली. येसू लाजली. पाट भिंतीला टेकवला, त्याला आत घेतलं. त्यानं कानातल्या कुड्या काढून घेतल्या. परवा येतो, मशीन उचलतो, म्हणून गेला.

वसा मोडला. त्या दिवशी तीन सुया मोडल्या. येसू काय समजायचं ते समजली.

मग परवाच्या दिवशी पहाटे उठली, उंबरठा धुतला, पाट मांडला. कासारणीकडे गेली, सुतारणीकडे गेली, गुरवणीकडे गेली. म्हणाली, "बाई, माझ्यावर कर्ज आहे. तो मशीन न्यायला येतोय. माझ्या ओट्यावर बसशील का?" तिघींनी आधी आढेवेढे घेतले. पण आल्या.

तो आला, टेम्पो घेऊन आला. ओरडायला तोंड उघडलं, तर येसू म्हणाली, "बसा भाऊ, ऊन फार आहे." त्याला आजवर कुणी पाट मांडला नव्हता. तो बसला. गूळ तोंडात टाकला.

"नाव काय?"

"माधव."

कासारणीनं पदर खोचला. "का रे, माझ्या घरात तर तू सदाशिव होतास."

"माझ्या घरात केशव," सुतारीण म्हणाली.

गुरवीण म्हणाली, "मला तर मेल्यानं नावही सांगितलं नाही. चांदीचा करंडा तेवढा नेला."

मग कळलं. चारी घरी तो यायचा. चौघी त्याला आत घ्यायच्या, दार लावायच्या. ही तिला लपवी, ती हिला लपवी.

धाडलं कुणी विचारलं, तर म्हणाला पेढीनं. कागद कुठाय विचारलं, तर गूळ घशात अडकला. चौघींनी त्याला पेढीवर नेलं. मुनीम म्हणाला, याला आम्ही चैत्रातच काढला, याच्या हातचा पैसा इथं आलाच नाही. मग फौजदार आला. कुड्या परत आल्या, करंडा परत आला. पेढीनं येसूला लहान हप्ते कागदावर लिहून दिले. येसूनं प्रत्येक हप्ता भरला, प्रत्येक पावती देवाच्या पाटाखाली ठेवली. वर्षानं कर्ज फिटलं. मशीन घरीच राहिलं.

मग एके सकाळी दारात म्हातारी आली. येसूला आता सवयच लागलेली. पाट मांडला, गूळपाणी दिलं, विचारलं, "आजी, नाव काय, धाडलं कुणी, कागद कुठाय?"

म्हातारी हसत सुटली. "कागद नाही गं माझ्यापाशी," म्हणाली, आणि पदर पुढं केला. त्यावर लाल दोऱ्याचे चार टाके होते. येसूनं पाय धरले. वर बघते तो पाटावर कुणी नाही, नुसतं हळदकुंकू.

उंबरठेबाई जशी येसूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या दारात फटफटी आली तर शेजारणीला हाक मारा, मला मारलीत तरी चालेल, गूळ मात्र तुमचा. साठां उत्तरांची कहाणी पांचांत आटोपली, फळ तुमच्या ओटीत पडलं.