बुवांची कॉफी आणि रखमाजीची चवरी

एका गावात एक भोळा सेवेकरी होता. गावाचे नाव बेलसोंड आणि त्याचे नाव रखमाजी. गावच्या दत्तमंदिरात तो झाडलोट करी, समया घाशी, फुले आणून देई. सांगितलेले काम त्याने कधी टाळले नाही. सांगितले तेवढे करी आणि सांगितले तसेच करी. गावाला त्याची धास्ती वाटे ती एवढ्याचसाठी.

रखमाजीच्या मनात एकच इच्छा होती. दत्तजयंतीला सूर्यास्ती देवाचा जन्म होतो आणि मग पालखी निघते. त्या पालखीतल्या देवावर चवरी ढाळण्याचा मान आपल्याला मिळावा. शुभ्र केसांची, चांदीच्या मुठीची ती चवरी त्याच्या वडिलांनी बावीस वर्षे ढाळली होती. वडील देवाघरी गेले आणि चवरी पेटीत गेली. देवळाचे मुख्य पंच दिगंबरकाका पेटीची किल्ली जानव्याला बांधून हिंडत.

"काका, यंदा तरी?" रखमाजी दरवर्षी विचारी.

"यंदा तरी नाही," काका दरवर्षी सांगत.

पण त्या वर्षी काकांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. उत्सवाच्या सात दिवसांच्या कीर्तनाला त्र्यंबकबुवा येणार होते. बुवांची वाणी गोड, आहार पाखराएवढा, वृत्ती विरक्त. घरदार सोडले, गादीगिरदी सोडली, पानसुपारीही सोडली. सुटली नव्हती ती एक कॉफी. ती सकाळी पूजेनंतर लागे आणि दुपारी कीर्तनाआधी लागे. पितळी फुलपात्रातच लागे. दूध म्हशीचे, पण त्यावर साय नको. साखर दीड चमचा. जायफळ सहाणेवर उगाळून तीन वळसे, चौथा नाही. पहिला घोट बुवा डोळे मिटून घेत आणि फुलपात्र रिकामे होईपर्यंत कोणाशी बोलत नसत. दुपारची कॉफी चुकली तर त्यांचा गळा उघडत नसे, असे जाणकार सांगत.

बेलसोंडात सगळे चहाचे. कॉफी करता येई ती एकट्या सुभद्रेला, म्हणजे रखमाजीच्या बायकोला. ती लहानपणी शहरात मामांकडे वाढली होती. काकांचा नाइलाज झाला. बायको कॉफी करणार म्हटल्यावर ती देवळात पोहोचवणार नवराच.

काकांनी रखमाजीला समोर बसवले. "हे बघ, बुवांची कॉफी तुझ्याकडे. सात दिवसांत बुवांच्या तोंडून एक तक्रार निघाली नाही, तर चवरी तुझी. एक जरी निघाली, तर पुन्हा जन्मात चवरीचं नाव काढायचं नाही."

रखमाजीने काकांच्या पायांवर डोके ठेवले. मग किल्लीलाही नमस्कार केला.

पहिल्या दिवशी सुभद्रेने कॉफी केली. फुलपात्र नवऱ्याच्या हाती देऊन ती म्हणाली, "जपून न्या. एक थेंब सांडता कामा नये."

रखमाजी जपून निघाला. एक पाऊल टाकी, थांबून फुलपात्रात बघी. कॉफी हलायची थांबली की दुसरे पाऊल टाकी. घर ते देऊळ दोनशे पावले. तो पोहोचला तेव्हा बुवांची पूजा होऊन, जप होऊन, धोतर वाळून घडीही घालून झाली होती. थेंब सांडला नव्हता. बुवांनी घोट घेतला. डोळे मिटले, ते लगेच उघडले. उरलेली कॉफी मुकाट्याने बाजूला ठेवून दिली. बोलले काही नाहीत. संतवृत्तीचा माणूस.

फुलपात्र तसेच परत आलेले पाहून सुभद्रेने कपाळाला हात लावला. "अहो, गारढोण कॉफी दिलीत त्यांना?"

"पण सांडली नाही."

"जळलं ते सांडणं! बुवांना काही द्यायचं तर चुलीवरून उतरवून पळत न्यायचं. वाफ दिसली पाहिजे, वाफ!"

"वाफ," रखमाजी म्हणाला आणि त्याने ते मनात लिहून ठेवले.

पुढचे दोन दिवस वाफ गेली. बुवा प्रसन्न झाले. रखमाजी रात्री झोपेतही चवरी ढाळू लागला. सुभद्रेने उशी लांब सरकवली.

चौथ्या दिवशी भोजन झाल्यावर बुवा म्हणाले, "रखमाजी, वाटीभर ताक मिळेल का?"

रखमाजी धावत घरी गेला. ताक पातेल्यात ओतले, खाली जाळ केला आणि खळखळ उकळी येईपर्यंत हटला नाही. मग धावत आला. बुवांनी पाहिले. वर हिरवट पाणी, खाली पांढऱ्या गुठळ्या आणि सगळ्यातून भरघोस वाफ.

"हे काय रे?"

"ताक, बुवा. आताच उतरवलं."

बुवांनी वाटीकडे पाहिले, मग रखमाजीच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांना त्याची दया आली. "असू दे. पण बाळा, कोणापुढे काही ठेवण्याआधी आपण थोडं चाखून बघावं. म्हणजे चूक आपल्यालाच कळते, दुसऱ्याला सांगावी लागत नाही."

"चाखून बघावं," रखमाजी म्हणाला आणि मनात लिहून ठेवले.

उपदेश उत्तम होता. दुसऱ्या दिवशी देवाचा महानैवेद्य होता, हा काही उपदेशाचा दोष नव्हे.

पुरणपोळी, वरण, कटाची आमटी, खीर, पाच भाज्या असे ताट सोवळ्यात सिद्ध झाले. ते गाभाऱ्यात नेऊन ठेवण्यास रखमाजीला सांगितले. काका आत आले तेव्हा रखमाजी देवापुढे मांडी घालून बसला होता. पुरणपोळीचा कोपरा गेला होता. खिरीत बोट होते.

"रखम्या!" काकांचा आवाज शिखरावर जाऊन परत आला. "देवाचं ताट उष्टं केलंस?"

"चाखून पाहिलं, काका. आमटीत मीठ कमी आहे. देवाला सांगावं लागू नये म्हणून..."

काका खालीच बसले. पुजाऱ्याने त्यांना वारा घातला. दुसरे ताट वाढावे लागले.

"देव बोलत नाही, म्हणून वाचलास हो!" काका म्हणाले. "देव तक्रार करत नाही, म्हणून आज चवरी शाबूत आहे. आता नीट ऐक. नैवेद्य कसा दाखवतात? पाण्याचं चौकोनी मंडल काढायचं. त्यावर पात्र ठेवायचं. वर तुळशीपत्र. पडदा ओढायचा, घंटा वाजवायची, डोळे मिटून हात जोडायचे. काही क्षणांनी पात्र उचलायचं आणि सगळ्या गावाला वाटायचं. समजलं?"

"समजलं. चाखायचं नाही. वाटायचं."

"आता कसं!"

दत्तजयंतीचा दिवस उजाडला. सभामंडप भरला. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे आली. सहा दिवस निभावले होते. सातव्या दिवसाची सकाळची कॉफीही निर्विघ्न पार पडली होती. आता उरली होती फक्त दुपारची, कीर्तनाआधीची.

काकांनी रखमाजीला दारातच गाठले. त्यांच्या जानव्याची किल्ली सुटून पेटीला लागली होती. चवरी बाहेर काढून, धुऊन, उन्हात ठेवली होती. रखमाजीचे लक्ष तिच्यावरून हटेना.

"इकडे बघ! हा शेवटचा पेला. आज बुवांना साधा माणूस समजू नकोस. आज ते जन्माच्या कीर्तनाच्या गादीवर उभे राहणार. त्या गादीवरचा पुरुष देवासमान. देवाला करतोस तसं सगळं रीतसर कर. जा."

रखमाजी गेला आणि त्याने सगळे रीतसर केले.

बुवा मंडपाच्या कोपऱ्यात पाटावर बसले होते. रखमाजीने त्यांच्यापुढे पाण्याचे चौकोनी मंडल काढले. बुवांना वाटले, काय निष्ठा आहे! मंडलावर फुलपात्र ठेवले. जायफळाचा वास दरवळला. बुवांनी हात पुढे केला. रखमाजीने कॉफीत तुळशीपत्र सोडले. बुवांचा हात मागे आला. मग रखमाजीने दोन खांबांना धोतर बांधले, ते बुवांसमोर ओढले आणि घंटा वाजवली.

मंडपातली माणसे चटकन उभी राहिली. घंटा वाजल्यावर कोण बसेल? सर्वांनी हात जोडले. धोतरापलीकडे बुवाही उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले. कशाला, ते त्यांना कळले नव्हते. पण घंटा वाजली होती.

काही क्षण गेले. धोतराखालून रखमाजीचा हात आला. हाताने फुलपात्र उचलले. हात गेला.

बुवांनी धोतर बाजूला सारले तेव्हा रांग लागली होती. रखमाजी पळीपळीने तीर्थ देत होता. माणसे ओंजळ पुढे करत, कॉफी पीत आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवत. एका म्हातारीने दुसऱ्यांदा हात पुढे केला.

"आजी, तुम्ही घेतलंत," रखमाजी म्हणाला.

"घेतलं रे बाबा. पण यंदाचं तीर्थ फार गोड लागलंय."

काका हे पाहून जागच्या जागी थिजले. बुवा पुढे आले. "रखमाजी, माझी कॉफी?"

"वाटली, बुवा."

"आणि मी काय प्यायलो?"

रखमाजी गोंधळला. "बुवा, देवाला रोज इतकंच मिळतं. देव कधी तक्रार करत नाही."

काका चवरी उचलून पेटीत ठेवायला निघाले. रखमाजीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आपले काय चुकले ते त्याला कळले नव्हते. चवरी चालली, एवढे कळले होते.

आणि बुवा हसू लागले. आधी ओठांत, मग पोटात, मग खांबाला धरून. "काका, थांबा. तक्रार कोणी केली? देव जन्मभर रिकाम्या घशानं बसतो आणि मी एका पेल्यासाठी कुरकुर करू? चवरी त्याचीच."

कॉफीविना बुवा गादीवर उभे राहिले. हसून हसून गळा असा मोकळा झाला होता की आवाज थेट वेशीपर्यंत गेला. सूर्यास्ती जन्म झाला. पाळणा हलला, सुंठवडा वाटला. पालखी सजली, भोई खांदे लावून उभे राहिले, भालदार सरसावले. काकांनी स्वतःच्या हाताने चवरी रखमाजीला दिली. रखमाजीने ती छातीशी धरली. वडिलांची आठवण होऊन त्याला हुंदका आला. काकांनीही डोळे पुसले.

तेवढ्यात सुभद्रा धावत आली. डब्यातली शेवटची पूड झटकून तिने पेलाभर कॉफी केली होती. बुवा दमले होते. फुलपात्र पाहून त्यांचा चेहरा उजळला. तरी ते म्हणाले, "आज जन्म ज्याचा झाला, त्याच्यापुढे आधी ठेवा. मग मी घेतो."

सुभद्रेने फुलपात्र नवऱ्याच्या हाती दिले आणि त्याचा दंड घट्ट धरला. दुपारचे सगळे तिच्या कानी आले होते. "अहो, आता तरी ऐका. ज्याला दिली त्यानं प्यायली का ते बघायचं. समोर उभं राहायचं. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही. पात्र रिकामं झालं की मगच उचलायचं!"

"रिकामं झालं की मगच," रखमाजी म्हणाला आणि गाभाऱ्यात गेला.

बाहेर ताशा वाजू लागला. बराच वाजला. थांबला. भोयांनी खांदे बदलले. पुन्हा बदलले. बुवा पायरीवर बसून गाभाऱ्याकडे बघत होते. पुजारी बोलवायला गेला, तो मान हलवत परत आला. अखेर काका आत गेले.

"रखमाजी, अरे पालखी खोळंबलीय! तुझ्या चवरीवाचून निघता येत नाही!"

"आलोच, काका. पण अजून एक घोटसुद्धा गेला नाही."

"कोणाचा?"

रखमाजीने देवाकडे बोट केले. मग हळू आवाजात, देवाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "घाई करू नका. जन्म नुकताच झालाय. कॉफी गरम लागत असेल."

आणि वडिलांच्या पश्चात प्रथमच हाती आलेली ती चवरी उंच धरून तो मोठ्या भक्तिभावाने कॉफीवर वारा घालू लागला.