बारवेतला खरबरीत हत्ती

सकाळी बरोबर सात वाजता देवळातली घंटा झाली आणि एका गावातल्या एका चिमुरडीनं हट्ट धरला, “आई, मला बारवेतला हत्ती बघायचाय!”

तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ती हातांनी बघायची. गावची बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, तिच्या भिंतीत दगडात कोरलेला हत्ती. सगळी पोरं त्याच्या सोंडेला हात लावून यायची. हिला मात्र आई उंबरठाही एकटीनं ओलांडू देत नसे.

“पायऱ्या उंच आहेत गं बाई. पडलीस म्हणजे? थांब, मी हत्तीच घरी आणते.”

आईनं फळीवर माती थापून हत्ती घडवला. लेकीला कुठं खरचटायला नको, म्हणून ओटा सारवतात तसा हात फिरवून फिरवून अगदी गुळगुळीत केला.

लेकीनं बोटं फिरवली आणि नाक मुरडलं. “हा कसला हत्ती? हा तर आपला ओटा!”

दारातून बघणारी शेजारीण खो खो हसली. “अगं, तू तरी कधी हात लावलायस का त्या हत्तीला?”

आई खजील झाली. बारवेत उतरली, डोळे मिटले आणि दगडावर अलगद हात ठेवला. पाठ खरबरीत, सोंडेवर खाचा, एक कान अर्धा तुटलेला, पायाशी मऊ शेवाळ. अगंबाई! इतकी वर्षं इथं पाणी भरलं, पण हत्ती भेटला तो आज.

घरी येऊन तिनं पुन्हा माती भिजवली. पाठीला वाळू आणि कोंडा, सोंडेला काथ्याचे वेढे, डोळ्याला चिंचोका, शेवाळाला कापूस. सारवायला हात शिवशिवत होता, पण तिनं आवरला. तुटका कान तुटकाच ठेवला.

“आई, ह्याचा कान तुटलाय!”

“हो गं.”

“मग ह्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागेल. चल ना, खऱ्याला भेटू!”

आई नकोच म्हणणार होती. पण लेकीचा फुललेला चेहरा बघून ती म्हणाली, “चल. तुझी तू उतर. मी मागं आहे.”

लेक भिंतीला धरून, पायरी चाचपत उतरली. मध्ये गुडघा खरचटला. आई “अगं, अगं” करत धावली, तर ही हसत पुढं! तुटक्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “हत्तीदादा, मी आलेय!”

“आलेय… आलेय…” अख्खी बारव घुमली.

“आई, ओळखलं मला त्यानं!”

तात्पर्य: लेकरासाठी जग सारवून गुळगुळीत करत बसू नये. आहे तसं खरबरीत त्याच्या हाताखाली येऊ द्यावं, आपण मागं उभं राहावं.

तुमच्या ओळखीत अशी काळजीवाली आई असेलच. तिला ही गोष्ट नक्की सांगा.