जळालेल्या फोनवरचा होकार

कचेरीच्या टेलिफोनवर वीज कोसळली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही काळवंडलेल्या रिसीव्हरमधून कुणी श्वास घ्यावा तसा आवाज येत होता. साहेबांनी टेलिफोन सांभाळणाऱ्या अंबूताई साठ्यांना सर्वांसमक्ष उभे केले.

“वादळ येतेय, तारा सोडवा, असे मी पाच वाजता बंगल्यावरून फोन करून बजावले होते. तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि स्वस्थ बसलात. आता नोकरी विसरा.”

“‘हो’ आपण स्वतः ऐकलेत?”

“याच कानांनी.”

अंबूताईंनी पदर सावरला. “वीज साडेचारला पडली, ही सारी मंडळी साक्षीला आहेत. फोन तेव्हाच जळाला. मग साहेब, पाच वाजता आपल्याला ‘हो’ म्हणाले, ते कोण?”

साहेबांनी चौकशीचा कागद फाडला. त्यानंतर मात्र त्यांनी कधीही फोन कानाला लावला नाही.