हत्तीच्या हंड्याची कल्हई

"शिफारसपत्र आणलंस?" वडगडच्या महाराजांनी विचारलं.

"नाही महाराज. हात आणलेत," हौसा म्हणाली.

वाड्याला कल्हईवाला हवा होता. तांब्यापितळेची पातेली आतून उघडी पडली होती आणि परवाच पाहुण्यांसमोर ताक कळकून हिरवंगार झालं होतं. हौसाचे वडील आबा तांबट चाळीस वर्षं कल्हई करत आले. पण गावाने स्टीलची भांडी घेतली आणि त्यांची भट्टी गार पडली. ही नोकरी मिळाली नाही तर भाता मोडीत घालायचा आणि बापलेकीने परमुलखात जायचं, असं ठरलं होतं.

"हात सगळेच आणतात," महाराज म्हणाले. "मागचे तिघे झकास पत्रं घेऊन आले होते. त्यांची कल्हई आठ दिवसांत उडाली. मग कळलं, एकाला पत्र मामाने दिलेलं, एकाला सासऱ्याने. तिसऱ्याला आपल्या प्रधानजींनी. तो त्यांचा मेहुणा निघाला."

प्रधानजी उगाच खोकले.

"म्हणून माझी अट ऐक. ज्याने तुला पाहिलं नाही, ज्याला तुझं नाव माहीत नाही, ज्याच्याकडे तू मागितलं नाहीस, अशा माणसाची शिफारस आण. आणि माणूस असा हवा, की त्याचा शब्द मला मोडता येऊ नये. महिन्याची मुदत. नाहीतर प्रधानजींचा दुसरा मेहुणा तयारच आहे."

दरबार हसला. हौसाही हसली. ते प्रधानजींना आवडलं नाही.

घरी आबांनी कपाळाला हात लावला. "अगं, नाव माहीत नसलेला माणूस तुझं कौतुक कशाला करील?"

"माझं नको करू दे आबा. पातेल्याचं करील."

वडगडला धड रस्ता नव्हता, पण मोबाईलला रेंज छान यायची. हौसाने 'कथील आणि कापूस' नावाचा ब्लॉग उघडला. त्यावर ना नाव, ना चेहरा, ना गाव. नुसते दोन हात. रोज एका भांड्याला कल्हई करायची, व्हिडिओ टाकायचा, खाली चार ओळी लिहायच्या आणि ते फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर सोडून द्यायचं. पातेलं तापायचं, नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, कथिलाची कांडी टेकायची आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा मारला की काळं पातेलं चांदीसारखं लख्ख! मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र.

"आज वेणूकाकूंचा टोप आला," ती लिहायची. "यात तिन्ही सुनांच्या डोहाळजेवणाचा भात शिजला. तिसरीने एकदा रुसून आपटला, त्याचा पोचा अजून आहे. ठोकून काढू का विचारलं, तर काकू म्हणाल्या, राहू दे, तिला चिडवायला लागतो."

एकदा कापूस पेटला. आबा धावले आणि घाईत पाण्याऐवजी ताकाचा तांब्या ओतला. हौसाने तेही टाकलं. त्या दिवशी वाचणारे दुप्पट झाले. कुणी लिहिलं, आजीचं पातेलं माळ्यावरून खाली काढलं. कुणी लिहिलं, ते चर्रर्र पुन्हा एकदा ऐकवा.

आणि रोज दुपारी बरोबर दोन वाजता 'एक गरीब माणूस' नावाचा कोणीतरी यायचा. पहिल्या आठवड्यात त्याने लिहिलं, "वा." दुसऱ्या आठवड्यात, "वा वा." चौथ्या आठवड्यात त्याने भलंमोठं लिहिलं. ते वाचून हौसा इतकी हसली की आबा पुन्हा ताक घेऊन धावले.

मुदत संपली. दरबार भरला.

"काय पोरी, आणलंस पत्र?"

"आणलंय महाराज. वाचते." हौसाने मोबाईल वर धरला. "'या हातांना तोड नाही. मी राजा असतो, तर या कारागिराला आजच वाड्यावर ठेवलं असतं आणि मनगटात सोन्याचं कडं घातलं असतं. जाता जाता एक शंका. आमच्या हत्तीची लापशी कळकते. एवढ्या मोठ्या हंड्याला कथील किती लागेल?' खाली नाव आहे, एक गरीब माणूस."

दरबारातल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. अख्ख्या मुलखात हत्ती एकच होता, आणि तो वाड्यामागे बांधलेला होता.

महाराज सिंहासनावर जरा सरकून बसले. "हत्ती काय, भाड्याचाही असू शकतो."

"असू शकतो की. त्या बिचाऱ्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आता देते."

तिने भराभर टाइप केलं.

टिंग!

आवाज महाराजांच्या जरीच्या अंगरख्यातून आला. प्रधानजी छताकडे बघायला लागले. राणीसाहेब मात्र महाराजांकडेच बघत होत्या.

"म्हणजे रोज दुपारी दार लावून राज्याचा नकाशा अभ्यासता, तो हा का?"

हौसाने हात जोडले. "महाराज, या गृहस्थाने माझे हात सोडून काही पाहिलं नाही. त्याला माझं नाव माहीत नव्हतं. मी काही मागितलंही नव्हतं. आता त्याचा शब्द तुम्हाला मोडायचा असेल तर खुशाल मोडा. आम्ही भाता विकून निघतो."

महाराजांनी एकदा राणीसाहेबांकडे पाहिलं, एकदा हौसाकडे, आणि ते जे हसत सुटले, की मुकुट घसरून नाकावर आला. त्यांनी हातातलं कडं काढून हौसाच्या मनगटात घातलं. ते थेट कोपरापर्यंत गेलं.

"वाड्याची सगळी भांडी आजपासून तुझ्या ताब्यात. आबांना भात्याशेजारी मऊ गादी. आणि प्रधानजी, तुमच्या मेहुण्याला सांगा, भांडी वाहायला माणूस हवाय." महाराजांनी डोळे पुसले. "पण थांब, तू उत्तर काय दिलंस ते तर बघू दे."

त्यांनी मोबाईल काढला आणि मोठ्याने वाचलं, "'चार शेर कथील. आणि तेवढा वेळ हत्तीला नदीवर न्या, त्याला धूर सोसायचा नाही. कधी येऊ?'"

महाराजांनी भर दरबारात अंगठ्याने टाइप केलं. हौसाच्या हातातला मोबाईल वाजला.

"आत्ता. हत्ती निघालाय."