डावीकडच्या शेळ्या

बोरमाळच्या देवळाला अजून घंटासुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. मला सांगणारी म्हातारी तिच्या म्हातारीकडून ऐकत आली होती. तेव्हा चिंचेखाली पाचटाचं एक छप्पर होतं. रविवारी ते ख्रिस्ती मंडळीचं देऊळ, इतर दिवशी शाळा, आणि पाऊस आलाच तर शेळ्यांचा गोठा.

त्या गावात हौसाबाई नावाची विधवा राहायची. अकरा शेळ्या, एक काठी आणि एक गळा, एवढाच तिचा संसार. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकांनी नाव ठेवलं हन्ना. पण गावाला जुनं नाव सोडवेना आणि नवं टाकवेना, म्हणून लोक दोन्ही मिळून म्हणायला लागले, हौसा हन्ना. घाईघाईनं म्हणून बघा बरं! झालं की नाही होसान्ना?

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मंडळी शिंदीच्या झावळ्या हलवत प्रभूच्या नावानं ‘होसान्ना, होसान्ना’ ओरडायला लागली, तेव्हा पहिल्या वर्षी ही बाई धडपडत उभी राहिली आणि म्हणाली, “आले, आले! काय झालं?” अख्खं देऊळ खो खो हसलं. तीही हसली. अशी साधी बाई.

पण तिच्या तोंडात गाणी होती बघा. अक्षर एक येत नव्हतं. माळावर शेळ्या सोडायच्या, काठीवर हनुवटी टेकायची, की गाणं यायचं. असं म्हणतात, की ती गायला लागली म्हणजे शेळ्या बाभळीच्या शेंगा तोंडात तशाच धरून उभ्या राहायच्या. संध्याकाळी तिचं गाणं गावात पोचायचं आणि रविवारी देवळात. सगळ्यांना आवडायचं ते हे:

येशू माझा शेळ्या राखी, काठी टेकून वाट पाही,
एक शेळी चुकली तरी घास त्याला जात नाही.

पुढं गावात शमुवेल गुरुजी आले. शहरात शिकलेले, पण माणूस लोण्याचा. शाळा तेच घ्यायचे, उपासनाही तेच चालवायचे. हौसाबाईची गाणी ऐकून ते येडे झाले. वही काढली आणि म्हणाले, “हौसाबाई, तुम्ही सांगा, मी लिहितो. आपण ही गाणी छापायला पाठवू.” बाई सांगत गेली, गुरुजी लिहीत गेले. ‘शेळ्या राखी’ला आले आणि त्यांचा टाक थांबला.

“हौसाबाई, इथं शेळ्या नकोत. मेंढ्या घाला.”

“मेंढी कशी असती, गुरुजी? मी कधी पाहिली न्हाई.” खरंच होतं ते. बोरमाळात मेंढी कुणी पाळलीच नव्हती.

गुरुजींनी समजावून सांगितलं, की शास्त्रात लिहिलंय, शेवटच्या दिवशी प्रभू मेंढरं उजवीकडे करील आणि शेरडं, म्हणजे शेळ्या, डावीकडे.

“मग डावीकडच्यांचं काय होतं?”

गुरुजींना खोटं बोलता येत नव्हतं. “त्यांना प्रभू दूर आगीत घालवून देतो,” ते वहीकडे बघत पुटपुटले.

आता गावात गोष्ट झाकून राहते होय? आणि गंमत अशी, की देवळात पुरुष बसायचे उजवीकडे आणि बाया डावीकडे. पुढच्या रविवारी सगळ्या बाया पोराबाळांसकट उजवीकडे जाऊन बसल्या. पुरुष आले, त्यांना जागा नाही. त्यांना डावीकडे बसायची छाती होईना, म्हणून ते दारात उभे! गुरुजी हात जोडून सांगायला लागले, अहो, तसं नाही ते. पण ऐकतो कोण?

हौसाबाई मात्र आलीच नाही. तिचं दुःख वेगळं होतं. ती माळावर बसून गाणं बदलायला बघायची. ‘येशू माझा मेंढ्या राखी’, एवढं म्हणायची आणि तिथंच अडायची. कपाळावर चांदवा असलेली तिची म्हातारी शेळी, चंद्री, तोंडाकडे बघत उभी असायची. “ह्यात तू न्हाईस गं चंद्रे,” बाई म्हणायची. “आन् तू न्हाईस तर मी तरी कुठं असणार?” आयुष्यभर तिला वाटत आलं होतं, की आपल्याला कुणीतरी राखतंय. आता तेच राहिलं नाही. तिचं गाणं बंद झालं. असं म्हणतात, त्या दिवसांत अकराही शेळ्यांचं दूध आटलं.

अशात झावळ्यांचा रविवार आला. गुरुजी सकाळीच डोंगरातल्या घळीत शिंदीच्या झावळ्या तोडायला गेले. हौसाबाईही देवळाकडे पाठ करून शेळ्या घेऊन वर गेली होती. आणि मग उठलं वादळ. धूळ म्हणजे अशी, की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. बाईनं शेळ्या खडकाच्या आडोशाला घेतल्या आणि पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात हाक आली. “होसान्नाऽऽ!”

बाईला वाटलं, उपासना सुरू झाली. पण देऊळ खाली, आणि आवाज घळीतून. पुन्हा आली हाक, रडवेली. “हौसा हन्नाऽऽ! होसान्नाऽऽ!”

“आले, आले!” बाई ओरडली आणि शेळ्यांसकट घळीत उतरली.

गुरुजी पाय मुरगळून पडले होते, नाकातोंडात धूळ. त्यांनी तिचा हात धरला तो सोडेनात. “बाई,” ते म्हणाले, “होसान्ना म्हणजे काय ते वर्षानुवर्षं पोरांना शिकवतोय. म्हणजे, वाचव, आता वाचव. आज पहिल्यांदा मनापासून म्हटलं.”

“ते मागनं सांगा. आधी उठा.” तिनं आपली काठी त्यांच्या हातात दिली. “डोळं मिटा आन् आवाजावर चला. मी गाती, म्हंजी शेळ्या बी फुटायच्या न्हाईत.” मग तिनं विचारलं, “मेंढ्यांचं गाऊ का शेळ्यांचं?”

“अहो बाई, शेळ्यांचं गा!”

आणि तिनं गायलं. कितीतरी दिवसांनी गायलं, मोकळ्या गळ्यानं, रडत रडत गायलं. पुढं चंद्री, मागं दहा शेळ्या, आणि त्यांच्यात लंगडत गुरुजी. असं म्हणतात, की गाणं जिथवर पोचत होतं तिथवर धूळ दोन्ही बाजूंना सरून उभी राहिली, आणि तेवढीच एक वाट डोंगरापासून देवळापर्यंत स्वच्छ होती.

उजवीकडे दाटीवाटीनं बसलेल्या मंडळीनं पाहिलं, तर मातीनं माखलेले गुरुजी शेळ्यांबरोबर आत आले आणि सरळ डावीकडे जाऊन बसले. आपला मुरगळलेला पाय धरून म्हणाले, “मी अर्धंच वाचलं होतं रे. उजवीकडे कोण होते? भुकेल्याला घास देणारे, परक्याला घरात घेणारे. आणि आपण उजवीकडचे आहोत हे त्यांना ठाऊकही नव्हतं. या बाईला ठाऊक आहे का, विचारा.” मग बाईकडे वळून म्हणाले, “हौसाबाई, प्रभू तुम्हाला राखतो. तुमच्या चंद्रीसकट राखतो. मी चुकलो.” बाई चंद्रीच्या गळ्याला मिठी मारून बसली.

गुरुजींनी वहीत शेळ्याच लिहिल्या. शहरात मात्र कुणा शहाण्यानं छापताना मेंढ्या केल्याच. म्हणून आजही बोरमाळात गाण्यांचं नवं पुस्तक आलं, की घरातली थोरली बाई शाई घेऊन बसते, मेंढ्या खोडते आणि वर शेळ्या लिहिते. लिहिता येत नसेल तर लिहिणाऱ्याचा हात धरते.

आणि झावळ्यांच्या रविवारी सगळं गाव डावीकडे बसतं. बाया, पुरुष, पाळकसुद्धा. उजवीकडे नुसती सतरंजी. सगळे एका आवाजात ‘होसान्ना’ म्हणतात आणि मग एकदम गप्प होतात, तान्ही पोरंसुद्धा. वाट बघतात. थोड्या वेळानं डोंगराच्या अंगाला शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजतात. त्या दिवशी शेळ्या कोण राखत असेल त्या माणसानं दारातून ओरडायचं असतं, “आले, आले!” आणि शेळ्या आत घ्यायच्या असतात. त्या आत आल्याशिवाय बोरमाळात उपासना सुरू होत नाही.