तारोबाचे अडकित्ते

त्या दिवशी ऊन असं कडक पडलं होतं, की माठातला उसाचा रस चांगलाच कोमट झाला होता. वारा नाही, ढग नाही, नुसता उकाडा. फार फार मागल्या काळची ही गोष्ट, बरं का.

त्या रसात यीस्टचं एक गाव होतं. पावाचं पीठ फुगवतं ना, तेच यीस्ट. डोळ्याला दिसायचं नाही, पण गाव ते गावच! अशा उकाड्यात तर त्यांना नुसता ऊत यायचा.

उसाची साखर त्यांना सुपारीसारखी. अख्खी घरात नेऊन खाता येईना. ती फोडायला अडकित्ता लागे. आधी भट्टीवर लांब तार ओढायची, मग आतल्या खोलीत तिला वळण द्यायचं आणि तयार अडकित्ता दाराबाहेर रसात सोडायचा. वाकडा अडकित्ता बाहेर काढायचा नाही, हा गावाचा नेम. फुटलेली साखर मात्र ज्याच्या दाराशी येईल त्याची.

गावात तारोबा नावाचा एक उमदा यीस्ट होता. त्याच्या खांद्यावर नुकतीच लेक फुटली होती. या लोकांत लेकरू असं कोंबासारखं अंगावरच वाढतं आणि पोसलं, की सुटून आपलं घर करतं.

तारोबाचा पहिला अडकित्ता बाहेर पडला आणि साखर फुटली, कट्! गाव नाचायला लागलं.

"वा रे वाघा! आणखी सोड!"

"तारोबादादा, आमच्याही दाराशी फोड की!"

तारोबाला कोण आनंद! त्याने सगळ्या भट्ट्या पेटवल्या. ही तार ओढ, ती तार ओढ!

"बाबा, भूक लागली," लेक म्हणाली.

"थांब गं राणी, गाव वाट बघतंय!"

पण भट्टीचा वेग वेगळा आणि वळण देणाऱ्या खोलीचा वेगळा. तारा एकमेकींत गुंतल्या. वाकड्या अडकित्त्यांचा ढीग दाराला लागला. ते मोडायलाही जळण लागतं, बाबांनो, आणि यीस्टचं जळण म्हणजे साखरच! घरातली साखर त्यातच संपू लागली. बाहेर एकही अडकित्ता जाईना आणि खांद्यावरची लेक सुकायला लागली.

"काय दादा, धार गेली का?" गाव फिदीफिदी हसलं.

तेव्हा शेजारची गाळूमावशी हळूहळू आली. तिच्या अंगभर सुटून गेलेल्या लेकरांच्या खुणा होत्या.

"तारोबा, भट्ट्या किती पेटवल्यास?"

"सगळ्या, मावशी!"

"आणि वळण देणारी खोली?"

"ती... ती एकच."

"मग लेकीला काय तारा चारणार आहेस?"

तारोबाने सुकलेल्या लेकीकडे पाहिलं. त्याने भराभरा भट्ट्या विझवल्या, एकच ठेवली. उरलीसुरली साखर आधी लेकीला भरवली. मग ढीग थोडाथोडा मोडून काढला. खोलीला झेपेल तेवढीच तार ओढली, वळवली, सोडली.

कट्! पुन्हा साखर फुटली. कट्! कट्! लेकीच्या अंगावर तजेला चढला. ती टपोरी झाली, हलली, डुलली आणि एका झटक्यात खांद्यावरून सुटली!

"बाबा, बघा, मी सुटले! आता माझी भट्टी मी पेटवणार!"

तारोबा हसावं की रडावं, अशा आनंदात तिच्याकडे बघत राहिला. हसणारे शेजारीही ओशाळून आपापल्या भट्टीकडे वळले.

गाळूमावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती म्हणाली, "लेकरा, गावाला द्यावं, हात आखडू नये, पण आपल्या घराला झेपेल तेवढंच घडवावं, कारण घर तगलं तरच देणं टिकतं."