डोहातला गवा आणि साळुंकीची नक्कल

माणसांनी अजून वाट पाडली नव्हती अशा एका रानात, ऐन उन्हाळ्यात एकच डोह उरला होता. त्यात दिवसभर गवा लोळायचा. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता चिखल. रानाचा रिवाज असा, की वर्षातून एकदा साळुंकीने हवी त्याची नक्कल करावी आणि त्याने ती मुकाट पाहावी. भल्याभल्यांनी लाजून खोड सोडली होती.

तरुण साळुंकीने गव्याचं फुरफुरणं घोटून घोटून बसवलं. पण तालमीला वडीलधारे जमले.

"पोरी, मोराचा तोराही घे," घुबड म्हणालं.

"आणि कोल्ह्याची लबाडी? माकडांचा आळस?" घोरपडीने विचारलं.

"आजोबा, आपण तहानलोय ते गव्यामुळे. मोराने काय केलंय?" साळुंकीने घुबडाला विचारलं.

"चार उन्हाळे जास्त पाहिलेत आम्ही. नाहीतर कर एकटीच!" घुबड म्हणालं.

एकटं पडायच्या भीतीने तिने सगळ्यांना घेतलं.

नकलेच्या दिवशी मोर झाला, कोल्हा झाला, माकडं झाली. जो तो शेजाऱ्याकडे बघून खिदळला. गव्याची पाळी येईपर्यंत तिचा घसा बसला. कशीबशी निघालेली फुरफुर हशात बुडाली.

"झकास! सगळ्यांची जिरवलीस!" गवाच सर्वांत मोठ्याने हसला. "पुढच्या वर्षीही हिलाच बोलवा." आणि तो डोहात जाऊन बसला.

"नेम नव्हता गं तुझ्या नकलेत," घुबड उडता उडता म्हणालं.

सगळे चिखलाकडे पांगले. कोरड्या घशाने साळुंकी फांदीवर एकटीच उरली. खाली पाणी होतं, आणि पाण्यावर गव्याची रुंद, निवांत पाठ.